नवा अभ्यासक्रम, नव्या चाचण्या: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. पालकसभेत सगळे गप्प बसतात आणि सभा संपली की खरे प्रश्न सुरू होतात. कुणी जिन्यात गाठतं, कुणी फाटकापाशी, कुणी संध्याकाळी तलावपाळीवर. तिथे विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे सवडीनं लिहून काढली आहेत. डोळ्यांसमोर मुख्यतः राज्य मंडळाच्या शाळा आहेत. सीबीएसईबद्दल पुढे थोडं येईल.

पुस्तकाच्या सुरुवातीला 'अध्ययन निष्पत्ती' नावाचं पान असतं. ते आमच्यासाठी असतं की तुमच्यासाठी?

दोघांसाठी. पण बहुतेक घरांत ते पान जूनमध्ये कव्हर घालताना एकदा दिसतं आणि पुन्हा कुणी उघडत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सध्याच्या जवळपास सगळ्या चाचण्या त्याच एका पानावरून निघतात.

अध्ययन म्हणजे शिकणं. निष्पत्ती म्हणजे त्या शिकण्यातून हाती काय लागलं ते. 'धडा तिसरा शिकवून झाला' ही माझ्या टाचणवहीतली नोंद झाली. 'मूल गोष्ट वाचून त्यातलं पात्र असं का वागलं ते आपल्या शब्दांत सांगतं' ही निष्पत्ती झाली. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेनं 2017 मध्ये पहिली ते आठवीच्या अशा निष्पत्तींची यादी काढली. आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांत त्या क्रमांकासकट छापल्या जातात. क्रमांकातले पहिले दोन अंक इयत्तेचे असतात, म्हणजे 03 ने सुरू होणारा क्रमांक तिसरीचा.

माझी विनंती एवढीच आहे की पेन्सिल घ्या आणि महिन्यातून एकदा ते पान उघडा. 'दैनंदिन व्यवहारात बेरीज-वजाबाकी करतो' असं लिहिलं असेल तर भाजी आणायला मुलाला सोबत न्या आणि सुट्टे पैसे त्यालाच मोजायला लावा. जमलं तर बारीक टिंब करा. नाही जमलं तर प्रश्नचिन्ह करा आणि शाळेत येताना तेवढं पुस्तक घेऊन या. पाच प्रश्नचिन्हं घेऊन आलेल्या पालकाशी मला अर्धा तास नीट बोलता येतं. 'अभ्यासात कसा आहे हो?' एवढंच विचारलं तर मी तरी काय सांगणार? 'बरा आहे' म्हणते आणि दोघंही तसेच घरी जातो.

दहावीची बोर्डाची परीक्षा बंद झाली का? व्हॉट्सअॅपवर तसं फिरतंय.

नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं 29 जुलै 2020 रोजी मंजुरी दिली, तेव्हापासून हा मेसेज दर काही महिन्यांनी नव्यानं फिरतो. धोरणानं शिक्षणाचे वयाप्रमाणे टप्पे बदलले आहेत. आधी पाच वर्षांचा पायाभूत टप्पा येतो, त्यात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. मग तिसरी ते पाचवी, मग सहावी ते आठवी आणि शेवटी नववी ते बारावी चार वर्षं. 5+3+3+4 म्हणतात ते हेच. दहावी आणि बारावीची परीक्षा आहे तशीच आहे. आपल्या भागाची दहावी-बारावी मुंबई विभागीय मंडळ बघतं. त्याचं कार्यालय वाशीला आहे आणि ते चालू आहे.

मग नवी पुस्तकं कोणत्या इयत्तेला कधी?

16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयात टप्पे असे आखले आहेत: 2025-26 ला पहिली, 2026-27 ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, 2027-28 ला पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी, 2028-29 ला आठवी, दहावी आणि बारावी. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मोठ्या भावंडाची जुनी पुस्तकं धाकट्याला चालतील असं धरून चालू नका. वह्या-पुस्तकांची खरेदी करण्याआधी शाळेत विचारा.

पहिलीपासून तीन भाषा आहेत का?

नाहीत. त्याच एप्रिलच्या निर्णयात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून होती, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि राज्यभर विरोध झाल्यावर 29 जून 2025 रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. पुढे डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. भाषेबद्दलचे निर्णय मागे घेतले, म्हणून वर सांगितलेला अभ्यासक्रमाचा बदल रद्द झाला असं समजू नका. हे दोन विषय वेगळे आहेत.

'निपुण' म्हणजे काय? माझी मुलगी दुसरीत आहे, तिला नेमकं काय यायला हवं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण याचं उत्तर स्वच्छ आहे आणि घरी तपासता येतं.

5 जुलै 2021 ला केंद्रानं 'निपुण भारत' सुरू केलं. 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या शेवटी समजून वाचता यावं आणि साधं गणित करता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. बालवाडीच्या शेवटी मुलानं अक्षर आणि त्याचा आवाज ओळखावा, दोन-तीन अक्षरी शब्द वाचावा, 10 पर्यंत अंक ओळखावेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचावीत, 99 पर्यंत संख्या वाचाव्या-लिहाव्यात, सोपी बेरीज-वजाबाकी करावी. दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत आणि 999 पर्यंत संख्या याव्यात. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान 60 शब्द, 9999 पर्यंत संख्या आणि गुणाकाराची सोपी उदाहरणं.

घरी बघताना एक चूक सगळे करतात. मुलाच्याच पुस्तकातला धडा वाचायला देतात. तो त्याला पाठ असतो! बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. मजकूर न वाचलेला हवा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. तिथून दुसऱ्या एखाद्या पुस्तकातला त्याच इयत्तेचा उतारा घ्या. मोबाइलवर एक मिनिट लावा, शब्द मोजा आणि मग मोबाइल बाजूला ठेवून विचारा, 'काय झालं गं गोष्टीत?' सांगता आलं नाही तर 60 शब्दांचा वेगही उपयोगाचा नाही. सांगता आलं आणि शब्द 40 च भरले, तर घाबरू नका. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या, वेग येतो.

मुलगा पंचवीसला 'वीस पाच' म्हणतो. शाळेत हेच शिकवतात का?

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी मांडणी आली आणि केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष तेव्हा डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठी संख्यानामं मोडीत काढायचा डाव आहे, असं लोक बोलत होते. मी तेव्हा दुसरीलाच शिकवत होते आणि मला त्यामागचं कारण रोज वर्गात दिसत होतं.

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. मूल ऐकतं 'पंच', म्हणून पाच लिहितं, मग 'वीस'चे दोन. झाले 52. हे मूल ढ नाही, ते कानानं ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहितं आहे. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ आहेतच. 'तीसला एक कमी' हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो नियम कळला तोवर नव्व्याण्णव येऊन तो मोडतं. त्र्याहत्तर, सदुसष्ट उच्चारताना तर मोठी माणसंही थबकतात.

'वीस पाच' हा जिन्यातला कठडा आहे. पायऱ्या चढता आल्या की मूल तो सोडून देतं. तोवर त्याला हसू नका. घरी पंचवीस म्हणत राहा, म्हणजे दोन्ही नावं जुळतील. रुपयाच्या नाण्यांचे ढीग करून दाखवा: दहा-दहाचे दोन ढीग, वर पाच सुटी. माझ्या अनुभवात यापुढे मुलाची संख्या उलटी पडत नाही.

प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी अ-1, ब-2 असं का? आणि आकारिक म्हणजे काय?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्या राज्यात ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं आलं. आकारिक म्हणजे मूल घडत असताना केलेली पाहणी: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकला 70 टक्के भार, तिसरी-चौथीत 60, पाचवी-सहावीत 50, सातवी-आठवीत 40. म्हणजे लहान इयत्तेत परीक्षेच्या दिवशी ताप आला म्हणून वर्ष वाया जात नाही. श्रेणीत 91 ते 100 ला अ-1, 81 ते 90 ला अ-2, अशी उतरत ती 33 ते 40 ला ड पर्यंत येते. त्याखाली इ.

आकारिकच्या नोंदी शाळेत असतात आणि त्या बघायला मागता येतात. प्रकल्प मात्र स्वतः करून देऊ नका. थर्माकोलचा देखणा किल्ला कुणाच्या हातचा आहे ते आम्हाला लगेच कळतं, आणि आकारिकची ती नोंद मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

'पॅट' कसली परीक्षा? त्यात नापास होतात का?

नियतकालिक मूल्यांकन चाचणी, तिलाच पॅट म्हणतात. केंद्राच्या स्टार्स प्रकल्पातून ती आली. शासकीय, महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विषय तीन: प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि दोन. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते आणि गुण आम्ही विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरतो.

पायाभूत चाचणीत मागच्या इयत्तेचं काय टिकलं आहे ते बघतात. मे महिना गावाला गेला, आंबे खाल्ले, पाढे विसरले, हे अगदी स्वाभाविक आहे. त्यात पास-नापास नाही. एका वर्षी वर्गातल्या एका मुलाला पायाभूतमध्ये फार कमी गुण मिळाले म्हणून वडिलांनी त्याचं मैदान बंद केलं. खरं तर त्याच्या उत्तरपत्रिकेत एकच दुखणं होतं, हातच्याची वजाबाकी. मधे शून्य आलं की तो गडबडायचा. 402 मधून 158 वजा करताना शून्याकडून उसनं कसं घ्यायचं ते त्याला उमजत नव्हतं. तीन दिवस मधल्या सुट्टीत दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवले. जमलं. उत्तरपत्रिकेवरचा एकूण आकडा बघितला असता तर ते दुखणं कळलं नसतं, म्हणून सांगते: उत्तरपत्रिका मागा आणि चुका एकाच जातीच्या आहेत का ते बघा.

पॅटसाठी शिकवणी लावावी का, असंही विचारतात. नको. शिवाय शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंच मनाई आहे, हेही लक्षात ठेवा.

पेपरात पुस्तकाबाहेरचे प्रश्न येतात. हा मुलांवर अन्याय नाही का?

सुरुवातीला मलाही तसं वाटलं होतं. आता वाटत नाही. एक उदाहरण देते, माझ्याच वर्गातलं.

50 भागिले 8 हे गणित फळ्यावर घातलं की चौथीतली बहुतेक मुलं भागाकार 6, बाकी 2 असं बिनचूक लिहितात. मग मी विचारलं, 'गणपतीला 50 मोदक केले. एका डब्यात 8 मोदक बसतात. सगळे मोदक भरायला किती डबे लागतील?' बऱ्याच वह्यांत पुन्हा तेच उत्तर आलं: 6, बाकी 2. मी म्हटलं, ते दोन मोदक कुठे ठेवायचे? एक मुलगी म्हणाली, 'बाई, आम्ही खाऊन टाकू.' सगळे हसले आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, 'सात डबे लागतील.' त्या मुलाचा भागाकार एरवी कच्चा होता!

नव्या पद्धतीचे प्रश्न असे असतात. क्रिया तीच, पण ती कुठे लावायची आणि आलेल्या उत्तराचं काय करायचं, हे मुलानं ठरवायचं. भाषेतही तसंच. पाठाखालच्या प्रश्नाचं गाइडमधलं उत्तर पाठ करून भागत नाही. एखादी सूचना, जाहिरात किंवा तक्ता देतात आणि त्यावर विचारतात.

घरी सराव करायला महापालिकेच्या पाणीकपातीची सूचना घ्या. 'शुक्रवारी सकाळी 9 पासून शनिवारी सकाळी 9 पर्यंत पाणीपुरवठा बंद राहील, त्यानंतर कमी दाबानं पाणी येईल.' मुलाला विचारा: किती तास पाणी नाही? आईनं कधी भरून ठेवायला हवं? शनिवारी सकाळी सव्वानऊला टाकी भरलेली असेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सूचनेत सरळ लिहिलेलं नाही, 'कमी दाबानं' या शब्दांतून ते काढावं लागतं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या मुलांना ते चटकन येतं, असं माझं निरीक्षण आहे.

आता पाचवीत आणि आठवीत नापास करतात, हे खरं का?

हो. इथे मी गोड बोलणार नाही.

शिक्षण हक्क कायद्यात मुळात आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवायचं नाही, असं होतं. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना मिळाली. आपल्या राज्यानं 2023-24 पासून ती लागू केली. राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत पाचवीला प्रत्येक विषय 50 गुणांचा, आठवीला 60 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के. कमी पडलेल्या मुलाला शाळेनं जादा मार्गदर्शन करायचं आणि पुनर्परीक्षा घ्यायची. तिच्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढून टाकता येत नाही. 'दाखला घेऊन जा' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

मुलाचा निकाल असा लागला तर काय करायचं? त्याच दिवशी शाळेत या. विषय कोणता आणि त्यातला भाग कोणता, हे कागदावर लिहून घ्या. पुनर्परीक्षेपर्यंतचे आठवडे फार थोडे असतात आणि त्यातले निम्मे गावाला जातात. तिकीट काढलेलं असतं हे मला कळतं, पण शाळेचे जादा वर्ग कधी आहेत ते आधी विचारा आणि मगच जायची तारीख ठरवा. मे महिन्यात घाईनं शाळा बदलू नका, कारण नव्या शाळेतल्या बाईंना तुमच्या मुलाची चूक कोणत्या जातीची आहे ते माहीत नसतं.

आणि घरी त्या मुलाला 'नापास' या नावानं हाक मारू नका. मुलाला मारणं आणि मनाला लागेल असं बोलणं, दोन्हींना शाळेत कायद्यानंच बंदी आहे, कलम 17 प्रमाणे. घरात कायदा येत नाही. तिथे तुम्हीच आहात. पाचवीतलं मूल दहा-अकरा वर्षांचं असतं. ते रात्री पांघरुणात काय विचार करतं हे आपल्याला सांगत नाही.

समग्र प्रगती पत्रकात 'पालकांनी भरावे' असे रकाने आहेत. काय लिहायचं?

जे दिसतं ते. या पत्रकात मूल स्वतःबद्दल सांगतं, वर्गमित्र त्याच्याबद्दल सांगतो, शिक्षक सांगतात आणि घरचेही. लहान इयत्तेत मुलं चेहऱ्यांची चित्रं रंगवून 'मला जमलं', 'मदत लागली' असं दाखवतात. पालकांच्या रकान्यात शेजाऱ्याकडून 'उत्तम, आज्ञाधारक' असं उतरवून घेऊ नका. 'धाकट्या बहिणीला गोष्ट सांगते पण पाहुणे आले की बोलत नाही' हे वाक्य मला वर्षभर उपयोगी पडतं.

आमची शाळा 'परख' सर्वेक्षणात निवडली गेली. तयारी करून घेऊ का?

अजिबात नको. परख ही एनसीईआरटीतली मूल्यमापन संस्था आहे. आधी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण व्हायचं, 2017 आणि 2021 मध्ये झालं. त्याच्या जागी 4 डिसेंबर 2024 रोजी देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. यात तुमच्या मुलाचा निकाल येत नाही, जिल्ह्याचा आणि राज्याचा येतो. डोंगराच्या पायथ्याची वस्ती आणि शहरातली सोसायटी, दोन्हींचं चित्र त्यातून दिसावं यासाठी ते असतं. त्या सर्वेक्षणात देशातल्या तिसरीच्या 55 टक्के मुलांनाच 99 पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता आल्या. सहावीच्या 53 टक्क्यांनाच 10 पर्यंतचे पाढे येत होते. हे आकडे वाचून मी वर्गात पाढे पुन्हा रोज म्हणून घ्यायला लागले. ते मुलांना समजावून, पण म्हणून घेतेच. सर्वेक्षणाच्या दिवशी मूल वेळेवर, पोटभर खाऊन शाळेत यावं, एवढी तयारी पुरे.

मग सीबीएसईला टाकलं तर बरं नाही का?

नवी मुंबईतून हा प्रश्न जास्त येतो. नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या सीबीएसई शाळा आहेत, सीवूड्सला आणि कोपरखैरण्याला, त्यामुळे हा आता फक्त पैसेवाल्यांचा विषय राहिलेला नाही. पण 'तिकडे परीक्षा सोपी' असं समजून जाऊ नका. सीबीएसईच्या दहावीत निम्मे प्रश्न क्षमतेवर आधारलेले असतात, म्हणजे वर सांगितलेल्या मोदकांच्या जातीचे. 2026 पासून दहावीची परीक्षा वर्षात दोनदा आहे: फेब्रुवारीतली सगळ्यांना सक्तीची, मेमधली गुण सुधारायला ऐच्छिक. राज्य मंडळही आता राष्ट्रीय धोरणावर आधारलेल्या त्याच अभ्यासक्रम आराखड्याकडे सरकतं आहे, त्यामुळे दोन्हींतलं अंतर कमी होत जाईल. मूल तीन-चार वर्षं मराठीतून नीट शिकत असेल तर केवळ मंडळाच्या नावासाठी त्याचं माध्यम मोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिष्यवृत्तीला बसवावं का?

मुलाला कोडी सोडवायला आवडत असतील तर जरूर. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडून ही परीक्षा होते. 150 गुणांचे दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न. एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीत होत होती, 2026-27 पासून पुन्हा चौथी आणि सातवीला न्यायचं ठरलं आहे. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती परीक्षा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या, शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. हिचा फॉर्म भरायला कितीतरी घरं विसरतात. विसरू नका.

मुलाला तोंडी सगळं येतं, पण लिहिताना अक्षरं उलटी-सुलटी होतात. आळशीपणा आहे का?

बहुतेक वेळा नसतो. तिसरीनंतरही हे टिकून असेल तर वर्गशिक्षकांशी बोला आणि तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या तोंडावर धावाधाव करणारे पालक मी पाहिले आहेत. चौथी-पाचवीत गेलात तर मुलाची पाच वर्षं वाचतात.

आम्ही फार शिकलेलो नाही. हे सगळं घरी कोण बघणार?

हा प्रश्न कोपरखैरण्याच्या एका आईनं विचारला होता. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी, ती घरकाम करणारी. मान खाली घालून विचारला होता, म्हणून तो मला अजून आठवतो.

ताई, तुमच्या घरात गणित रोज येतं. आज किती गोण्या उचलल्या, 50 किलोच्या किती, 30 च्या किती, एकूण वजन किती झालं? वडील जेवताना सांगतील, मुलगा वहीत मांडेल. बरोबर की चूक हे वडिलांना हिशोबातून कळतंच. शाळेत माता-पालक गट असतो, त्यात या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा बायकांच्या, ती खुर्ची तुमचीही आहे.

आणि वाचन. तुम्हाला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. भाकऱ्या थापताना त्याला शेजारी बसवा, मोठ्यानं वाचू दे. मधेच थांबवून विचारा, 'मग पुढं काय झालं?' नीट सांगितलं तर त्याला समजलं. एखाद्या शब्दापाशी अडखळला तर रागावू नका, कुणाला सांगायलाही लावू नका. तव्यावरची भाकरी उलटा. तेवढ्या वेळात बहुतेक वेळा त्याचा तोच तो शब्द वाचतो.